शोधायचं एक, सापडायचं दुसरं

प्रिय रेवा आणि निहार,

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, की शाळेत 'प्रसिद्ध शोध कसे लागले' यावर लिहायचं आहे, तर आपल्या घरात कुणी कधी काही शोध लावला आहे का. मी पटकन 'नाही' म्हणाले आणि फोन ठेवला. त्यानंतर दोन दिवस ते 'नाही' मला टोचत राहिलं. चुकीचं उत्तर तसंच राहू देणं मला जमत नाही, हे तुमची आई सांगेलच. म्हणून ही दुरुस्ती. आपल्या घरात एक शोधक होता: माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे जिजाजी. अख्ख्या इंदूरमध्ये त्यांच्याएवढ्या गोष्टी कुणाला सापडल्या नसतील, आणि त्यातली एकही त्यांनी शोधलेली नव्हती.

जिजाजी इथल्या एका कापडगिरणीच्या रंगखात्यात होते. नव्या ताग्याचा रंग नमुन्याच्या तुकड्याशी जुळतो की नाही, हे सांगणं त्यांचं काम. आपल्याला दिसतो तो एक हिरवा. त्यांना त्यात पोपटी, शेवाळी, कैरी आणि 'लग्नात घेतलेलं पण धुवून धुवून दमलेलं पातळ' असे चार हिरवे वेगवेगळे दिसत. पण ही झाली नोकरी. खरा अभ्यास शोधांचा. शास्त्रज्ञांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. ते त्यांना गल्लीतल्या माणसांसारखं ओळखत. सफरचंदवाले, टबवाले, आणि वाट चुकलेले ते खलाशी भिया, म्हणजे आपल्या इंदुरी बोलीतले भैया. या सर्वांच्या चरित्रांतून त्यांनी एकच सिद्धान्त काढला होता, की माणूस शोधायला जातो एक आणि त्याला सापडतं दुसरं. 'जे हवं तेच मिळालं, तर त्याला सापडलं म्हणत नाहीत,' ते म्हणत, 'आणलं म्हणतात.' खलाशी भियांवर त्यांचा विशेष लोभ. 'नशीब, की तो इंदूरचा नव्हता. आपला असता तर पहिल्याच पानाच्या दुकानावर थांबून विचारलं असतं, भिया, हिंदुस्तान किधर पड़ेगा? आणि सरळ कोचीनला उतरला असता. अमेरिका राहूनच गेली असती.' टबवाले गृहस्थ ओलेत्याने रस्त्यावर धावत सुटले, ही गोष्ट ते रंगात येऊन सांगू लागले की ताई स्वयंपाकघरातून विचारायची, 'आणि खाली सांडलेलं पाणी कुणी पुसलं, ते लिहिलंय का कुठे?' ते कुठेच लिहिलेलं नाही, हे मात्र खरं. मीही पुस्तकं चाळून पाहिली.

हा सिद्धान्त ते घरात वापरत, तिथे पंचाईत होती. ताईचा चष्मा हरवला की जिजाजी कात्री शोधायला लागत, कारण चष्मा शोधून चष्मा सापडणं नियमात बसत नव्हतं. एकदा असंच कात्री शोधताना सिलिंडरच्या मागे एक लग्नपत्रिका सापडली. तीन वर्षांपूर्वीची. जिजाजींनी त्या जोडप्याला तातडीने आहेर पाठवला, तेव्हा त्यांचा मुलगा चालायला लागलेला होता. चष्मा ताईच्या डोक्यावर होता. कुणी एक शास्त्रज्ञ खरकट्या बश्या तशाच टाकून सुट्टीवर गेले आणि परत आल्यावर त्यांना बुरशीतून औषध सापडलं, हे वाचल्यावर तर आमच्याबरोबर उज्जैनला निघताना जिजाजींनी पोह्यांची बशी मुद्दाम खिडकीत ठेवली. परत आल्यावर ताईने दार उघडलं आणि शांतपणे म्हणाली, 'या. मुंग्यांचा शोध लागलाय.'

माझ्याकडे त्यांचा जीव रमत नसे. माझ्या डब्यांवर चिठ्ठ्या, किल्ल्यांना खिळे आणि खिळ्यांना क्रमांक. 'मेहुणीबाई,' ते हळहळत, 'तुमच्या घरात शोध लागणं शक्यच नाही हो. इथे काही हरवतच नाही.'

भूगोलातही त्यांची कामगिरी होती. इथेच गावात, राजेंद्रनगरला, एका मुंजीचं बोलावणं होतं. जिजाजी कुणालाही न विचारता बसमध्ये बसले, खिडकीशी डोळा लागला, आणि जाग आली ती महूच्याही पलीकडे, मानपूरला. मुंज लागली, जेवणं उठली, बटू झोपला, आणि संध्याकाळी जिजाजी एका ट्रकमधून सीताफळांची टोपली घेऊन उतरले. चेहरा असा, की जहाज बंदराला लागलंय.

'मानपूर सापडलं,' ते म्हणाले.

'ते हरवलं कधी होतं?' ताई म्हणाली. 'तिथल्या लोकांना तरी सांगितलंत का, तुम्ही सापडलात म्हणून?'

सीताफळं मात्र उत्तम होती.

मग गिरण्या बंद पडायला लागल्या. जिजाजींची गिरणी एका सोमवारी बंद झाली ती उघडलीच नाही. भोंगा थांबला आणि आमच्या भागातल्या निम्म्या घरांना किती वाजले ते कळेना. नागपूरहून आमच्या भावाचं पत्र आलं, की इकडे एका गोदामात नोकरीची जागा आहे, या दोघं, दिवाळीपर्यंत कळवा. ताईला इंदूर सोडायचं नव्हतं, जिजाजींना तर नव्हतंच. पण इंदूरमध्ये नोकरी शोधायलाही ते तयार होईनात.

'अहो, चार ठिकाणी विचारून तरी या,' ताई माझ्यासमोरच म्हणाली.

'शोधली की सापडत नाही. नियम आहे तो.'

'मग नागपूरला पोत्यांवर बसून वाचा तो नियम. मी आजपासून भांडी बांधायला घेते.'

जिजाजी चपला घालायला उठले आणि परत बसले. पन्नाशीच्या माणसाने दारोदार जाऊन 'मला घ्या' म्हणायचं, याची त्यांना भीती वाटत होती, आणि भीतीला नियम म्हटलं की ती जरा बरी दिसते, हे मला त्या दिवशी कळलं.

मी घरी आले, कपाटातून माझं वांगी रंगाचं स्वेटर काढलं, आणि कात्रीने त्याचं वरून दुसरं बटण कापून टाकलं.

दुसऱ्या दिवशी स्वेटर त्यांच्यापुढे धरलं. 'जिजाजी, बटण हरवलं. हुबेहूब याच रंगाचं हवं. पोलोग्राउंडला बटणं करणारा एक कारखाना आहे म्हणतात.' असं कुणीही म्हणत नव्हतं. पण पोलोग्राउंडला लहानमोठे पुष्कळ कारखाने आहेत, आणि जिजाजी एका दारात नोकरी मागायला गेले नसते तरी बटण मागायला शंभर दारांत गेले असते.

'तुमचं?' ते उठूनच बसले. 'हरवलं?'

चार दिवस ते पिशवीत स्वेटर घालून पोलोग्राउंड पालथं घालत होते. रोज संध्याकाळी येऊन मला वृत्तान्त: आज कुलपं पाहिली, आज पंख्यांची पाती, आज बिस्किटांचे पत्र्याचे डबे. बटण नाही, पण चेहऱ्यावर पुन्हा रंग आला होता. पाचव्या दिवशी ते प्लास्टिकच्या बादल्या करणाऱ्या एका कारखान्यात शिरले. तिथला मालक डोक्याला हात लावून बसलेला. तेव्हा बाजारात रोज नवा माल येत होता, टीव्हीवर रंगीत न्हाणीघरं दिसत होती, आणि कालपर्यंत मिळेल ती बादली उचलणारे लोक आता झाकणाचा रंग जुळत नाही म्हणून माल परत पाठवत होते. जिजाजींनी स्वेटर काढून बटणाची चौकशी केली.

'भिया,' मालक म्हणाला, 'यहाँ बाल्टी का ढक्कन नी जम रिया, और तुम बटन की बात कर रिये हो.'

जिजाजींनी एक हिरवं झाकण उचललं, दाराशी उजेडात नेलं, बादलीला लावून पाहिलं. 'इसमें पीला कम पड़ा है. और ट्यूबलाइट के नीचे मत देखो, धूप में देखो.' मग तिथेच उभं राहून त्यांनी चिमूट चिमूट रंग घालून झाकण पुन्हा पुन्हा काढायला लावलं. तिसऱ्या खेपेला झाकण आणि बादली एका आईची लेकरं दिसायला लागली.

'काम क्या करते हो?' मालकाने विचारलं.

'अभी? बटन ढूँढ रहा हूँ.'

'वो बाद में ढूँढना. कल सुबे आठ बजे इधर आ जाना.'

संध्याकाळी ते थेट माझ्याकडे आले, हातात ती पहिली जुळलेली हिरवी बादली, झाकणासकट. 'बटण नाही मिळालं, मेहुणीबाई. माफ करा. त्याच्याऐवजी ही ठेवा.' आणि मग, जणू आत्ताच आठवलं, 'नोकरी सापडली. शोधत नव्हतो, बरं का.' ताईने बांधलेली भांडी सोडली आणि नागपूरला मी स्वतः पत्र लिहिलं.

त्या कारखान्यात ते म्हातारे होईपर्यंत रंग जुळवत राहिले. प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला ही गोष्ट सांगत. सफरचंद, टब, खलाशी, आणि चौथे ते स्वतः. दर वर्षी माझं बटण थोडं मोठं आणि दुर्मीळ होत गेलं. शेवटी शेवटी ते हस्तिदंती होतं. मी गप्प बसून ऐकत असे. ते स्वेटरही मी पुढचे सगळे हिवाळे एका बटणाविना घातलं. माझ्यासारखीला ती शिक्षाच, पण खोटं बोलल्याची तेवढी तर हवीच.

ताई गेल्यानंतरच्या हिवाळ्यात जिजाजी दुपारचे माझ्याकडे येऊन उन्हात बसत. एकदा मध्येच म्हणाले, 'मेहुणीबाई, दोरा कात्रीने कापलेला होता.'

मी विणकाम खाली ठेवलं.

'सारी हयात कापडात गेली. तुटलेला दोरा वेगळा दिसतो.'

'मग तरी गेलात?' मी विचारलं.

'जन्मात पहिल्यांदा तुमचं काहीतरी हरवलं होतं,' ते म्हणाले. 'आणि ते शोधायचा मान तुम्ही मला दिलात. नाही कसं म्हणणार?'

पुढच्या वर्षी तेही गेले. तो कारखाना आता तिथे नाही. स्वेटर कसर लागून संपलं. बादली आणि तिचं झाकण अजून माझ्या न्हाणीघरात आहेत. दोन्हींचा रंग उतरलाय, पण सारखाच उतरलाय.