पाटावरची वाटी

"ती बाई नुसते नाटक करायची. पोरगा वाढला तो मी रामदासपेठेतून आणलेल्या डब्याच्या दुधावर!"

आमचे थोरले बंधू हे वाक्य गेली पन्नास वर्षे ऐकवत आले आहेत आणि परवा माझ्या नातवाच्या लग्नात त्यांनी ते भर पंगतीत पुन्हा ऐकवले. पंगतीत मी मठ्ठा वाढून घेतला. उत्तर आता लेखणीने देतो.

ती बाई धंतोलीतल्या एका प्रसूतिगृहात आया होती. सगळे तिला माय म्हणत. आमच्या दाराशी "जयभीम, भाऊ" म्हणून ती आत येई, कोपरांपर्यंत हात धुई आणि मगच बाळाकडे पाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमचा मुलगा दोन महिन्यांचा असताना पत्नीला विषमज्वर झाला. महिनाभर ती इस्पितळात आणि मूल भिवापूरला आजीकडे, बाटलीवर. ती घरी परतली तोवर तिचे दूध आटले होते. इकडे बाटलीने जुलाब लागून मुलाच्या मांड्यांची कातडी लोंबू लागली होती. त्या प्रसूतिगृहातले डॉक्टर म्हणाले, "आईचं दूध असतं तर..." आणि वाक्य अर्धे टाकून पुढच्या रुग्णाकडे वळले. माय आमच्या मागोमाग जिन्यापर्यंत आली.

"काहून रडून राहिली वं? दूध गेलं तं वापस बोलावू."

दुसऱ्या दिवशी ती माझ्या सायकलच्या दुकानात हजर. "भाऊ, मले हातभर वॉलट्यूब दे. कोरी पाहिजे." वॉलट्यूब म्हणजे चाकात हवा भरतात तिथली बारीक रबरी नळी. ती तिने उकळून घेतली, एक टोक दुधाच्या वाटीत सोडले आणि दुसरे पत्नीच्या स्तनाशी चिकटवले. मूल ओढी, नळीतून दूध येई, आणि आपण आईचेच पितो आहोत असे त्याला वाटे. वाटीत डब्याचेच दूध होते, हे मी नाकारत नाही.

वाटी एकावर एक रचलेल्या चार पाटांवर असे. दर चार-पाच दिवसांनी माय एक पाट काढी. वाटी जसजशी खाली जाई, तसतसा मुलाला अधिक जोर लावावा लागे, आणि त्या ओढीनेच आईचे दूध परत येते असा तिचा हिशेब. "याले मागू दे वं," एवढेच ती म्हणे. मी जन्मभर चाके सरळ केली. असा चोख हात दुसरा पाहिला नाही.

बंधू ओसरीवरून टोमणा मारत, "काय माय, आज तरी मुहूर्त आहे का?"

"तुमाले लई घाई हाये, मोठे भाऊ? या मंग, तुमीच बसा पाजाले!"

आजारानंतर पत्नी पहिल्यांदा हसली ती त्या उत्तराला. पण दहाव्या दिवशी तिनेच वाटी भिरकावली. "नाही होत माह्याच्यानं!" माय रागावली नाही. तिने वाटी धुतली, पुन्हा भरली, आणि म्हणाली, "याले मागू दे वं."

पुढे ते प्रसूतिगृह बंद झाले आणि माय लेकीकडे निघून गेली. कोणत्या गावी, हे मी विचारून ठेवले नाही. ही चूक माझी. ती बंधूंवर ढकलत नाही. त्या मुलाच्या मुलाचे परवा लग्न झाले, आणि पंगतीतली पहिली जागा जिची होती ती तिथे नव्हती.

आता वादाचा निकाल. ज्या दुपारी शेवटचा पाट निघाला, त्या दुपारी मूल पोटभर प्याले आणि ओठांच्या कडेने दूध गाळत झोपी गेले. वाटी मात्र जमिनीवर काठोकाठ भरलेली. नळी तुंबली असे समजून मी ती उचलली. त्यातले मला कळते. माय पाठमोरी उभी राहून हात धूत होती.

नळीच्या मधोमध तिने घट्ट गाठ मारून ठेवली होती. ती मी माझ्या हातांनी सोडली.