रेंगी, चित्ता आणि माळढोक

मी जिवंत चित्ता पाहिला तो एकदाच, अकोल्याला, आणि तोही रेंगीत. रेंगी म्हणजे आमच्याकडची हलकी बैलगाडी. कोणा संस्थानिकाच्या लवाजम्यातला, काळविटांच्या शिकारीसाठी पाळलेला तो चित्ता, डोळ्यांवर चामड्याची टोपी, कमरेला दोर. काळविटं बैलगाडीला भीत नाहीत, म्हणून त्याला गाडीतून न्यायचं आणि जवळ पोचलं की टोपी काढायची. पाळलेला चित्ता पिल्लं देत नाही, त्यामुळे दरवेळी नवा रानातूनच धरायचा. मग माळावर उरणार कोण, कपाळ?

माळढोकाचं सगळंच उलटं. जडशीळ पाखरू, उडायचं तर आधी धावावं लागतं. अंडं घालणार एकच, तेही उघड्या जमिनीवर. मूर्तिजापूरजवळ माझ्या काकांच्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीच्या शेतात, अशी एक मादी बसली. तण काढताना काकांनी तिच्यापाशी डवरा उचलून धरला आणि भोवतीचं गवत तसंच राहू दिलं. त्यांची रेंगी रोज तिच्या जवळून जायची. ती मान वर करून पाहायची, की पुन्हा निवांत. काकांना त्याचं कोण कौतुक! घरात लेक बाळंतपणाला आल्यासारखे जपत होते.

पण सगळं शेत डवऱ्यानं स्वच्छ केलेलं आणि मध्येच गवताचं ठिगळ, रस्त्यावरच्या माणसालाही दिसे. तहसिलीतल्या साहेबांचे पाहुणे शिकारीला आले, त्यांनाही दिसलं. त्यांनी काकांचीच रेंगी मागितली. तेव्हा साहेबाच्या पाहुण्याला नाही म्हणायची कोणाची टाप होती? काकांनी हात जोडले.

"अंड्यावर बसून राह्यली सायेब थे. पिलू तरी निघू द्या."

पाहुणे नुसते हसले. त्यांच्या शिपायानं बैल हाकले. रोजचीच रेंगी पाहून तिनं मान वर केली आणि बसून राहिली.

बार ऐकू आला तेव्हा आम्ही बांधावर उभे होतो. एक वाऱ्यासारखा पळणारा, एक जागची न हलणारी, दोघांचंही वाटोळं रेंगीनंच केलं.

जाताना पाहुणे काकांना म्हणाले, "जागा छान राखली होती तुम्ही."

काका ठिगळात जाऊन बसले. त्यांनी अंड्यावर तळवा ठेवला.

"गरम हाये अजून," ते म्हणाले, आणि ऊन उतरलं तरी त्यांनी हात काढला नाही.