सुंठीच्या घरातली माणसं

शिवकांताबाई थकली होती. कामानं नव्हे, म्हशी, शेत, सैपाक हे सगळं ती या वयातही सुनेच्या बरोबरीनं उरकते. ती थकली होती वर्षानुवर्षं जागून. त्र्याण्णवच्या भूकंपात दगड-मातीच्या घराखाली तिची आई आणि धाकटा भाऊ गेले. गणपतीची मिरवणूक बघून उशिरा परतलेली शिवकांता तेवढी अंगणात झोपली होती, म्हणून वाचली. तेव्हापासून तिनं पक्क्या छताखाली पाठ टेकली नाही.

लग्न होऊन ती लोहाऱ्याजवळच्या या गावात आली, तर इथंही तीच तऱ्हा. सरकारनं दिलेल्या घरात कडबा न् धान्याची पोती, आणि माणसं शेजारी पत्र्याखाली. पुढं एकेक करत गाव आत गेलं, ही मात्र बाहेरच राहिली. मुलानं, सिद्धारामनं, जीप चालवून स्लॅबचं घर उभं केलं. घरभरणीला जेवणाच्या पंगती उठल्या, शिवकांतानं सगळ्यांना आग्रह करून वाढलं, आणि अंधार पडताच वाकळ उचलून पत्र्याच्या खोलीत गेली. बोलून उपयोग नसतो हे त्या गावात सगळ्यांना ठाऊक आहे.

तिच्या कुशीत तिची नात शिवप्रिया झोपायची. या हिवाळ्यात पोरीचा खोकला हटेना. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, पत्र्याखालची थंडी हिला सोसत नाही, घरात निजवा. पण पोर आत जाईना. उचलून नेली की रडून घर डोक्यावर घ्यायची. आजीचा लळा आहे, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

“आत्याबाई, तुमी आत आलाव तर तीबी येईल,” सून महेश्वरी एवढंच म्हणाली. बिचारीनं रागानं म्हटलं असतं तर शिवकांताला बरं वाटलं असतं. तिनं प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा आत जाऊन आडवी झाली, छाती धडधडायला लागली, आणि वाकळ गुंडाळून बाहेर आली. स्वतःचीच इतकी चीड आली की सकाळी चहा गोड लागेना.

अशात शेजारच्या मोनिकानं नाताळाचं काढलं. मोनिका उपकेंद्रातली सिस्टर, माहेर जालन्याचं. सुट्टी मिळाली नव्हती, म्हणून ती म्हणाली, मी इथंच जिंजरब्रेडचं घर करते, तुम्ही सगळे या हाताखाली.

“म्हंजी काय करायचं?” शिवकांतानं विचारलं.

“सुंठ-गुळाच्या बिस्किटांचं घर, मावशी. आमच्या गल्लीत सगळे मिळून बांधायचो. मग फोडून खायचो.”

“बांधल्यालं फोडायचं कशाला? ऱ्हाऊ द्यावं की.”

सुंठ शिवकांतानं कुटली. मोनिकानं पीठ मळून पुठ्ठ्याच्या मापानं भिंती कापल्या, आणि सिद्धारामनं त्या ट्रेमध्ये मांडून, उरलेल्या पिठासकट, लोहाऱ्याच्या भट्टीवर नेल्या. दिवाळीला घरचं सामान नेऊन बिस्किटं भाजून आणायची ती भट्टी. उरलेला गोळा बघून भट्टीवाल्या शरणप्पाला राहवलं नाही. यात सोडा कमी पडलाय म्हणत त्यानं नानकटाईच्या सवयीनं मूठभर सोडा चोळून दोन भिंती नव्यानं थापल्या. वर त्याचे पैसेही घेतले नाहीत. त्या दोन भिंती टम्म फुगून आल्या. सिद्धारामनं त्या ब्लेडनं तासून सारख्या केल्या, आणि मोनिका हसून हसून खाली बसली.

नाताळाच्या सकाळी अंगणात पाटावर बांधकाम सुरू झालं. चिकटवायला शिवकांतानं पाडव्याच्या गाठीला करतात तसा घट्ट पाक केला. चारही कोपऱ्यांत तिनं तो दोनदा भरला. छत ठेवायची वेळ आली तेव्हा ती ते हातात धरून तशीच बसून राहिली. मोनिकानं ते तिच्या हातून घेतलं आणि ठेवलं. घराभोवती पाटावर खोबऱ्याचा कीस पसरला, तो म्हणे बर्फ.

“आपल्याकडं नुसत्या गारा पडल्या तरी तलाठी पंचनाम्याला येतो,” सिद्धाराम म्हणाला. शिवकांतालाही हसू आलं. लई दिवसांनी.

माणसं करायचं काम शिवप्रियाकडं होतं. आज्जी, आई, पप्पा, ती स्वतः आणि मोनिका सिस्टर, अशी पाच बिस्किटं तिनं थापून भट्टीला दिली होती. मागची भिंत मुद्दाम उघडी ठेवली होती, तिथून माणसं आत ठेवायची. पोरीनं आधी मूठभर गोडी शेव आत सारली. मग पाचही माणसं खोबऱ्यात, घरापासून लांब, ओळीनं निजवली.

“अगं, माणसं आत ठेव ना,” मोनिका म्हणाली. “शेव कशाला आत?”

“त्यो कडबा हाय. घरात कडबा ठिवायचा. आत निजलं की माणूस मरतंय.”

मोनिकानं जवळ बसून हळूच विचारलं, “कोण म्हणालं तुला?”

“कुनीच न्हाय. आज्जी रोज भिंतीला हात लावून बघती.” मग ती शिवकांताकडं वळली. “आज्जी, आईला न् पप्पाला तू सांग की भायेर या म्हनून. तुझं ऐकतील. म्या खोकला आला की जागीच ऱ्हाते, घर पडाया लागलं तर त्यांना हाका माराया.”

महेश्वरीनं पदर तोंडाला लावला. शिवकांताच्या हातातलं पाकाचं भांडं तसंच राहिलं. ही भीती आपली एकटीची आहे, आपण ती उशाखाली दाबून ठेवली आहे, असं तिनं आजवर धरलं होतं. शेजारी सहा वर्षांचं लेकरू तीच भीती घेऊन पहाऱ्याला बसलंय, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. इतकी लाज तिला जन्मात वाटली नव्हती.

जेवणं झाली. दुपार होती. पोर खोकून मलूल झाली होती. शिवकांता पत्र्याच्या खोलीतून वाकळ घेऊन आली आणि स्लॅबच्या घरात, मधल्या खोलीत अंथरू लागली. महेश्वरी मदतीला धावली.

“ऱ्हाऊ दे,” शिवकांता म्हणाली आणि आडवी झाली. “ये गं शिवप्रिया.”

पोर उंबऱ्यावर थांबली. “भिंत बघितलीस का, आज्जी?”

“बघितली. घट हाय.”

तिनं बघितली नव्हती. पोर आली, कुशीत शिरली, आणि मान वर करून आजीचं तोंड बघत राहिली. शिवकांतानं डोळे मिटले. श्वास लांबवला, थोडी घोरलीसुद्धा. बऱ्याच वेळानं दंडावरची मान जड झाली, पोरीची मूठ सैल पडली. शिवकांतानं तरी डोळे उघडले नाहीत. उघडले असते तर वर स्लॅब दिसला असता, आणि ती उठून गेली असती.