विहिरीतली पावडर

आज नळाच्या पाण्याला ब्लिचिंग पावडरचा वास आला आणि मी पेला खाली ठेवला. वय झालं; आता थापा मारतानाही धाप लागते.

पूर्वी आमच्या रिठद गावात हगवणीची साथ होती, तेव्हा ग्रामपंचायतीचा शिपाई विहिरीत हीच पावडर टाकायचा. मी पारावर ठोकून दिलं, “हे पाणी पिऊन आमची म्हैस टकली झाली, आरशात पाहून रडून राह्यली!” सारं गाव हसलं. शेजारच्या गंगाकाकूनं मात्र ते खरं मानलं आणि ती नाल्याचं पाणी भरू लागली.

चौथ्या दिवशी तिला बैलगाडीत घालून दवाखान्यात न्यावं लागलं. वाटेत मी विहिरीच्या पाण्याचा तांब्या तिच्या ओठांशी धरला. “काकू, ती थाप होती वं. पे.”

आयुष्यात पहिल्यांदाच मी खरं बोलत होतो. तिनं तोंड फिरवलं.

“राहू दे बाबू. मले बरं वाटावं म्हणून खोटं कायले बोलतं?”