मॅलकीच्या गोठ्यातला चौथा ठोका

मॅलकी टूही गेली तीस वर्षं एका माणसावर जळत होता, आणि त्या माणसाशी त्याचं एकदाही बोलणं झालेलं नव्हतं. माणूस डब्लिनचा. नाव ओरन कीव्ह. काम ड्रम बडवायचं. तेही मॅलकीच्या जागेवर बसून.

'थर्ड गेट' हा बँड जन्मला तोच मुळी मॅलकीच्या गोठ्याशेजारी. किलब्रॅक गावाबाहेर टूहींच्या रानाला तीन फाटकं. तिसऱ्या फाटकापाशी गोठा, आणि गोठ्याला चिकटून पत्र्याची चाऱ्याची खोली. तिथं शेजारचा फिंटन हेशन गळा काढायचा. त्याची बहीण उना गिटार धरायची, तर ती गिटार एकाच सुरावर घुमत राहायची, धुराड्यात मधमाश्या अडकल्यासारखी. फिंटन कडवं पुटपुटायचा, म्हाताऱ्या जपमाळ ओढतात तसं. आणि ध्रुपद आलं की असा बोंबलायचा, जणू गुरं शेजाऱ्याच्या गवतात शिरलीत. या सगळ्याच्या बुडाशी मॅलकीचा ड्रम. तीन ठोके सरळ, चौथा उशिरा. पायात काटा मोडलेल्या बैलासारखा.

तो उशीर त्याला भिंतीपलीकडच्या धारेच्या यंत्रानं शिकवला होता. यंत्रात दर गायीमागं एक डबी असते. ती सडं दाबते, सोडते, टक-फुस्स, टक-फुस्स. शेवटच्या जागेवरच्या डबीचा चौथा ठोका अडकायचा. पोरपणापासून मॅलकीच्या कानात तेच, म्हणून हातातही तेच.

मग डब्लिनहून बोलावणं आलं, आणि त्याच आठवड्यात मॅलकीच्या बापाचं अर्धं अंग गेलं. चाळीस गायी वाट बघत होत्या. बँड गेला, मॅलकी राहिला.

पहिल्या रेकॉर्डनं पार इंग्लंडपर्यंत नाव गाजवलं. दुसरीत व्हायोलिनं घुसली, तिसरीत यंत्रांचे चित्रविचित्र आवाज. चौथीनंतर मंडळी भांडून फुटली, आणि दहा वर्षांनी, टकलं पडल्यावर, पुन्हा एक झाली. सगळं बदललं, तो लंगडा ठोका तेवढा तसाच राहिला. पेपरवाले त्याला 'कीव्हचा ठोका' म्हणायचे. मॅलकी ते वाचायचा आणि पेपर कुत्र्याखाली अंथरायचा. रेकॉर्ड एकही विकत घेतली नाही. ट्रॅक्टरमधल्या रेडिओवर ऐकून मात्र सगळ्या पाठ.

"परक्या बाईचा ध्यास घ्यावा तसा तू त्या ढोलक्याचा घेतलायस," त्याची बायको नोरीन म्हणायची. "बाई असती तर तिच्या झिंज्या तरी उपटल्या असत्या मी."

नोव्हेंबरात फिंटनची आई डेलिया गेली आणि अख्खा बँड गावी आला. किलब्रॅकात कबर शेजाऱ्यांनीच खणायची असते. मॅलकीनं खणली, बुजवली, आणि नखांत माती घेऊनच तो पबात आला. सूप झालं, हॅमची सँडविचं झाली, काळी बिअर फिरली, आणि गाणी सुरू झाली. तिथली रीत अशी, की ज्यानं गाणं म्हटलं त्यानं पुढच्याचं नाव घ्यायचं. नाव निघालं की नाही म्हणायची सोय नाही. फिंटननं आईचं आवडतं गाणं म्हटलं आणि मॅलकीचं नाव घेतलं. मॅलकीनं आपलं कसंबसं उरकलं. आता हक्क त्याच्याकडं.

"डब्लिनकर," तो म्हणाला.

मयताच्या दिवशी परक्या पाहुण्याला असं उभं करत नाहीत. शिवाय ओरनला गाता येत नाही, हे मॅलकीनं पेपर कुत्र्याखाली घालायच्या आधी वाचलेलं होतं.

"मॅलकी, लाज हाय का तुला?" नोरीन दातांतल्या दातांत म्हणाली.

ओरन उठला. उंच, वाकलेला, कोटाची बटणं चाचपत. "मला गाता येत नाही," तो म्हणाला. "पण नाव घेतलंय तर काहीतरी द्यायला हवं. मी बँडमध्ये आलो, तेव्हा यांनी माझ्या हातात एक कॅसेट दिली. म्हणाले, अस्संच वाजव. तीस वर्षं वाजवतोय. चौथा ठोका मी मोजून उशिरा मारतो. कॅसेटवरचा माणूस मोजत नाही. मॅलकी, तुम्ही ते कसं करता?"

अख्खं गाव मॅलकीकडं बघायला लागलं. तीस वर्षं त्याला हेच हवं होतं, चारचौघांत, असंच. पण ते आलं कुणाच्या तोंडून?

"आरं, गोठ्यात ने की त्याला," फिंटन म्हणाला. "ती डबी हाय का अजून?"

"भंगारात गेली," मॅलकी म्हणाला. "सांजच्या पाचाला धार हाय. बघायचं तर या. बूट आपापले आणा."

डबी कुठं जाते भंगारात! सगळं यंत्र नवं झालं होतं, पण शेवटच्या जागेला त्यानं मिस्त्रीचा हात लागू दिला नव्हता. पाचाच्या आधी अर्धा तास तो घरी पोचला, डबी काढली, जुन्या मोज्यात गुंडाळून खिशात कोंबली आणि तिथं नवी बसवली.

ओरन आला. शेवटच्या जागेवर पेगीन नावाची म्हातारी गाय. मॅलकीनं तिच्या सडांना यंत्राचे कप लावले. टक-फुस्स, टक-फुस्स, सगळं सरळ. पेगीननं कान मागं केले आणि लाथ झाडून कप उडवले. पुन्हा लावले, पुन्हा उडवले. तिसऱ्यांदा तिनं ओरनच्या कोटावर शेणाची चिळकांडी सोडली.

"पान्हा चोरतीया," दारातून नोरीन म्हणाली. "रोज तर गुमान सोडती. आणि मॅलकी, तुझ्या खिशात काय फुगलंय?"

पेगीनची कास तटतटली होती. तशीच ठेवली असती तर उद्या सुजून दगडी धरली असती. जळणं एकीकडं आणि कास एकीकडं. त्यानं मोजा बाहेर काढला.

डबी बसली. टक-फुस्स, टक-फुस्स, टक-फुस्स... टक. पेगीननं लांब श्वास सोडला, आणि दूध खळखळत नळीत उतरलं.

ओरन काही हसला नाही. डोळे मिटून ऐकत राहिला. मग नळावर दोन बोटांनी वाजवायला लागला. चुकला. पुन्हा चुकला. मॅलकीला ते ऐकवेना.

"मोजू नगासा," तो खेकसला. "तिची वाट बघा. ती दील तवाच घ्यायचा."

ओरन थांबला. वाट बघितली. आणि त्याचं बोट पडलं, अगदी डबीबरोबर. एकदा. मग दुसऱ्यांदा.

मॅलकीनं हात घालून यंत्राचा कॉक बंद केला. "झालं दूध."

"आरं, निम्मी कास भरल्याली हाय!" नोरीन ओरडली.

"झालं म्हटलं न्हवं!"

ओरननं कोट पुसला. "हा ठोका तुमचा आहे, हे मी सांगेन सगळीकडे," तो म्हणाला.

"सांगा," मॅलकी म्हणाला. "पत्ता देऊ नगासा."

तिसरं फाटक लागल्याचा आवाज आला. गाडी वळणाआड जाईस्तोवर मॅलकी तसाच उभा राहिला. मग त्यानं कॉक उघडला, कप पुन्हा लावले, आणि उरलेलं दूध पेगीननं त्याच्या एकट्यापाशी सोडलं.