वाटाड्याचं जेवण

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी माझा भाऊ नेपाळमध्ये डोंगरावर वारला. दुसऱ्या दिवशी दौंडला, तो काम करायचा त्या रेल्वेच्या ऑफिसात फोन आला. तिथला एक जण एसटीनं शिरूरला आला आणि आम्हाला सांगून गेला.

आम्ही म्हणजे आई आणि मी. वडील बरीच वर्षं आधी गेले होते. मी शिरूरच्या वाचनालयात कामाला होते. भाऊ दौंडला रेल्वे क्वार्टरमध्ये राहायचा आणि सुट्टीला घरी यायचा. पुण्याच्या एका ग्रुपबरोबर तो नेपाळला गेला होता. त्याला तिकडंच अग्नी दिला. बरोबरच्या मुलांनी अस्थी तांब्यात घालून, फडक्यात बांधून आणल्या. आईनं तो तांब्या मांडीवर घेतला आणि खाली ठेवला. तिच्या वाट्याला एवढंच आलं.

पुढच्या आषाढात एक माणूस दारात उभा राहिला. तो त्या ग्रुपचा वाटाड्या होता. पावसाळ्यात तिकडं डोंगरावर कोणी जात नाही. त्याचा चुलतभाऊ कुरकुंभला एका कारखान्यात वॉचमन होता, त्याच्याकडं तो आला होता आणि ग्रुपमधल्या मुलांना विचारून आमच्यापर्यंत पोचला होता. तो हिंदीत बोलायचा, मी आईला मराठीत सांगायचे. त्याचं म्हणणं असं की, डोंगरावरून खाली आलं की तो सगळ्यांना आपल्या घरी जेवायला नेतो. डाळ, भात, पालेभाजी, लोणचं. निघताना घरातली वडीलधारी बाई प्रत्येकाला टिळा लावते आणि हातावर दही घालते. त्या खेपेला ते जेवण झालं नाही. ते त्याला आमच्या घरी करायचं होतं.

आईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "करू दे. डबं दाव त्याला, कशात काय हाय ते."

परत जाण्याच्या आदल्या दिवशी तो सकाळीच आला. डाळ-तांदूळ आमचे, बाकी सगळं त्यानं आणलेलं. एका पिशवीत मुळ्याचा पाला होता, आंबवून वाळवलेला. त्याची आमटी करतात म्हणाला. आईनं पिशवी नाकाशी नेली.

"ह्यो आमच्या शेळ्यांनीबी हुंगला नसता," ती म्हणाली.

मी ते हिंदीत सांगितलं नाही, पण तिच्या तोंडावरून त्याला कळलं. तो तिला आमा म्हणायचा, म्हणजे आई. "आमा, पहले खाओ, फिर गाली दो," तो म्हणाला. आईच्या ओठांवर जरा हसू आलं. कितीतरी महिन्यांनी मी ते पाहत होते.

आम्ही तिघं खाली बसून जेवलो. आमटी अंबाडीसारखी लागतेय म्हणत आईनं दुसऱ्यांदा भात घेतला. ताटं रिकामी होत आली तेव्हा त्यानं खाली बघत सांगायला सुरुवात केली. भावाचं डोकं दुखायला लागलं होतं. अशा वेळी माणसाला खाली उतरवायचं, हेच वाटाड्याचं काम. भाऊ म्हणाला, एकच दिवस थांबू, बरं वाटेल. यानं ऐकलं. दुसऱ्या दिवशी त्याला श्वास घेता येईना, तेव्हा हा त्याला पाठीवर घेऊन उतरू लागला. पण वाटेतच सगळं संपलं.

"तुझ्या पाठीवर व्हता?" आईनं विचारलं.

"हाँ, आमा."

तेव्हापासून त्यानं एकाही माणसाला वर नेलं नव्हतं. काठमांडूच्या बाजारात पोती वाहत होता. मग त्यानं वाटीत तांदूळ, दही आणि कुंकू कालवलं, वाटी आईपुढं सरकवली आणि मान झुकवली. "आपके हाथ से लगेगा तो मैं फिर जा सकूँगा."

आईनं वाटीला हात लावला नाही. मला वाटलं, अडचण मला माहीत आहे. आमच्याकडं विधवा बाई कुणाला कुंकू लावत नाही. हळदीकुंकवाला बायका आल्या की आई आत जाऊन बसायची. मी त्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, आमच्याकडं असं नाही, दसऱ्याला विधवा आईसुद्धा मुलांना टिळा लावते. मी ते आईला सांगितलं.

"ते न्हाई गं," आई म्हणाली. "म्या लावलाय की. तुझा भाऊ निघाला तवा तू रुमाल टाकून जागा धराया स्टँडवर गेली व्हतीस. मला म्हनला, तूच लाव आई, कोन बघतंय. म्या लावला." ती थांबली. "त्यो आलाच न्हाई. आन् आता ह्याला लावू व्हय?"

मला हे माहीत नव्हतं. इतके महिने आम्ही दोघी एका घरात होतो आणि तिनं ते मला सांगितलं नव्हतं. मी त्याला शब्दन् शब्द हिंदीत सांगितला. त्यानं मान वर केली नाही.

"गलती मेरी थी, आमा. टीके की नहीं."

"तुझी न्हाई बाबा," आई लगेच म्हणाली. "तू तर पाठीवर घेतलास त्याला."

तिनं त्याला दोष दिला नाही, त्यानं तिला दिला नाही. पण त्यामुळं काही फरक पडला नाही. वाटी तशीच राहिली. शेवटी आईनं मला लावायला सांगितलं. मी टिळा लावला, हातावर दही घातलं. त्यानं ते खाल्लं आणि हात जोडले. त्याला हवं होतं ते हे नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी त्याला सोडायला दौंडला गेले. नेपाळकडं जायची ती गोरखपूरची गाडी लागली. तो पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसून राहिला. मी दोनदा सांगितलं, गाडी हीच. गाडी सुटली, डबे एकेक करून पुढून गेले, तरी तो उठला नाही. मग त्यानं विचारलं, "दीदी, कुरकुंभ की बस कहाँ से मिलेगी?"

मी त्याला स्टँडवर नेऊन बसमध्ये बसवलं.

आई त्यानंतर चार वर्षांनी गेली. शेवटपर्यंत तिनं कुणालाच कुंकू लावलं नाही. तो कुरकुंभला एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन आहे. बायको-मुलं त्यानं इकडंच आणली. डोंगरावर तो परत गेला नाही. शिरूरच्या घरात मी आहे.