याकोब सरांचा तिसरा डबा

शाळेच्या शिपायाला सायकल टेकवायचंही भान नव्हतं. ती दारातच आडवी टाकून तो पंपघरात शिरला आणि म्हणाला, "नामदेवभाऊ, याकोब सर गेलं. वर्गातच... फळ्यापाशी." मी त्याला म्हणालो, "आरं पर शनवारी येतो म्हनले हुते की मला!" या गोष्टीला आता पंधरवडा होईल. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला रडू आलं नाही, राग आला. सरांचा राग यायची मला सवयच झाली होती. चार वर्षं त्या माणसानं मला भंडावून सोडलं होतं, आणि जाताना शब्द मोडून गेला.

मी आमच्या गावच्या नळयोजनेवर पंप चालवतो. गाव पारनेर तालुक्यातलं, विहीर ओढ्याकाठी, टाकी टेकाडावर. सर नगरचे, मिशनच्या आवारात वाढलेले, आमच्या हायस्कुलात गणित शिकवायला आले आणि इथंच राहिले. दुसऱ्या माणसानं गावात आल्यावर देऊळ बघितलं असतं, तालीम बघितली असती. हे आले ते थेट पंपघरात, आणि माझं रजिस्टर मागितलं. त्यात मी 'पंप बंद' आणि 'पंप चालू' एवढंच लिहीत असे. सरांनी चष्मा वर केला. "नामदेवराव, बंद कधी पडला, सकाळी की दुपारी? मिस्त्री कधी आला? सामान यायला किती दिवस गेले?" मी म्हणालो, "सर, पानी आलं की लोक इसरत्यात, तुमी कशाला उकरताय?" पण ते ऐकतील तर शपथ. रोज संध्याकाळी घरी यायचे, नेमके जेवणाच्या वेळेला. आमची मंडळी आतून म्हणायची, "जावई आले, ताट वाढू का?" सर हसून खरोखरच पाटावर बसायचे आणि भाकरी मोडता मोडता बेअरिंगची चौकशी करायचे. रविवारी उपासनेला नगरला गेले की परत येताना नागापूरच्या कारखानदारीतून माझ्यासाठी सुटं सामान आणायचे, कारण त्यांच्या हिशेबानं पाणी बंद राहतं ते पंप बिघडतो म्हणून नव्हे, तर सामानाची वाट बघण्यात आठवडा जातो म्हणून. हे त्यांचं खरं होतं, आणि खरं असल्यामुळंच जास्त चीड यायची.

पुढं योजनेला दुसरा पंप मिळाला. पहिला बिघडला तर दुसरा लावायचा, तोवर पहिला दुरुस्त करायचा. साधी गोष्ट. पण सरांना साधी गोष्ट साधी ठेवता येत नसे. त्यांनी दोन पत्र्याचे डबे आणले. माझ्या रजिस्टरातून काढून एका डब्यात चिठ्ठ्या टाकल्या, बिघाड होण्याआधी पंप किती दिवस चालला त्याच्या. दुसऱ्यात दुरुस्तीला किती दिवस लागले त्याच्या. मग त्यांच्या खोलीत बाजेवर चौकटीचा कागद पसरून खेळ सुरू झाला. चिठ्ठी काढायची, निळ्या पेन्सिलीनं तेवढे दिवस रंगवायचे, दुसऱ्या डब्यातली काढायची, तेवढे दिवस लाल करायचे, चिठ्ठ्या परत टाकून डबे खुळखुळवायचे. खाली दुसऱ्या पंपाची ओळ. जिथं लालखाली लाल येईल, ते गावाचे कोरडे दिवस. आठ दिवसांत त्यांनी आमच्या गावाची वीस वर्षं त्या बाजेवर काढली. त्यांच्या पत्नी मार्थाबाई चहा आणून ठेवायच्या आणि म्हणायच्या, "नामदेवभाऊ, यांच्या वीस वर्षांत मला एक चांगला स्टोव्ह मिळतो का तेवढं बघा." त्याच वेळी, कागदावरून मान वर न करता, सरांनी मला विचारलं, "पहिला बंद पडला की दुसरा लगेच लागतो ना?" मी म्हणालो, "लागतो की. नवा कोरा हाय." त्यांनी मान डोलावली. प्रश्न विचारायला कधी न थकणाऱ्या माणसानं तिथं मात्र दुसरा प्रश्न विचारला नाही.

कारण दुसरा पंप आम्ही चालवतच नव्हतो. तो आला त्या दिवशी नारळ फोडला, मिस्त्रीनं पाच मिनिटं फिरवून दाखवला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी त्याच्यावर धुतलेल्या धोतराची घडी पांघरली. हिरवागार रंग, त्यावर डाग पडायला नको. आपल्याकडं नवं लुगडं पेटीत राहतं, नवी ताटं फळीवर राहतात, अडीअडचणीला असू दे म्हणून. पंपाचंही तेच. खंडेनवमीला कापड काढलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, कापड परत पांघरलं. थंडीत एकदा पहिला पंप अर्धा दिवस बिघडला, तेव्हा मी घाम गाळून तोच नीट केला, पण नव्याला हात लावला नाही. आण्णा सरपंच स्वतः पाठ थोपटून गेले, "नव्याला जपलंस, ब्येस केलंस." शेजारी जुन्या पंपाचं पाणी सारखं ठिबकत होतं आणि त्या ओलीत आमचा नवा पंप माळ घालून उभा होता.

सरांचा कागद आण्णांनी पंचायतीत सगळ्यांना दाखवला. निळ्या पट्ट्यावर लाल ठिपके, आणि दोन लाल एकाखाली एक क्वचितच. त्या वर्षी गावची जुनी पायऱ्यांची बारव उपसून गाळ काढायचं ठरत होतं, पाऊस दगा देईल म्हणून. कागद बघून आण्णा म्हणाले, "मंग बारवंचं राहू द्या औंदा. दोन दोन पंप हायेत." सर म्हणाले होते की हा नुसता अंदाज आहे, पण गणिताच्या मास्तरचा अंदाज म्हणजे आमच्याकडं ब्रह्मवाक्य. बारव तशीच राहिली.

बहात्तरच्या दुष्काळातला उन्हाळा आला. विहीर तळाला गेली तरी पाणी होतं, पंपापुरतं होतं. एका सकाळी पहिल्या पंपाची मोटर जळाली. मी ऐटीत धोतर ओढून काढलं आणि दुसऱ्याचा खटका दाबला. मोटर नुसती गुरगुरली. आतला दांडा गंजून जागच्या जागी धरला होता. मी घाबरून परत खटका दाबला, परत दाबला, आणि तीही जळाली. दोन्ही मोटरी बैलगाडीत घालून रस्त्यापर्यंत आणि तिथून नागापूरला. नऊ दिवस गावाच्या नळाला थेंब आला नाही. बारवेत घोटाभर चिखल. बाया अडीच कोसांवरून हंडे आणत होत्या, आणि त्यांत मार्थाबाईही होत्या, डोक्यावरची चुंबळ सारखी सावरत, कारण त्यांना डोक्यावरून पाणी आणायची सवय नव्हती.

मारुतीच्या पारापाशी सभा भरली. कुणीतरी ओरडलं, "मास्तर, पाजा आता चिठ्ठ्यांचं पानी!" आण्णाही म्हणाले, "तुमच्या कागदावर इसंबलो म्हनून बारव राहिली, सर." सर उठून उभे राहिले. मला वाटलं, आता हा माणूस माझ्याकडं बोट दाखवणार. ते म्हणाले, "कागद माझा, चूकही माझी. एक गोष्ट धरायची राहून गेली." एवढंच. मी तिथंच बसलो होतो, पहिल्या रांगेत, मातीत काडीनं रेघा ओढत. घरी परतताना ते माझ्याबरोबर चालत होते. म्हणाले, "नामदेवराव, शेवटचा कधी चालवला होता?" मी म्हणालो, "दसऱ्याला." थोडं पुढं गेल्यावर त्यांनी विचारलं, "चालवला होता, की पूजा केली होती?" मी चालत राहिलो. "बरं," म्हणाले आणि आपल्या गल्लीत वळले. त्यांनी मला शिवी दिली असती, थोबाडीत मारली असती तर मी सुटलो असतो... त्या 'बरं'नं मला आजवर झोपेतून उठवलंय.

दुसऱ्या दिवशी ते तिसरा डबा घेऊन आले. दर शनिवारी दुसरा पंप अर्धा तास चालवायचा, आणि तो लागला की नाही याची चिठ्ठी डब्यात टाकायची. म्हणजे पुढच्या खेळात पहिला पंप बिघडला की आधी या डब्यातली चिठ्ठी काढायची. सुरुवातीच्या एका शनिवारी मोटर पहिल्यांदा अडली आणि दुसऱ्या खटक्याला सुरू झाली. मी 'लागला' असं लिहायला घेतलं. सरांनी हात धरला. "दुसऱ्यांदा लागला म्हणजे पहिल्यांदा लागला नाही." मी वैतागून म्हणालो, "आवो सर, पानी तर आलं ना! कुनाला कळतंय?" "डब्याला कळतं," ते म्हणाले. असल्या माणसाशी काय भांडणार? मी 'नाही लागला' असं लिहिलं आणि दिवसभर घरात आदळआपट केली.

आणि हाच माणूस स्वतःच्या छातीत कळ येते हे सहा महिने कुणाला सांगत नव्हता. मला कळलं तेही पंपघरात खाली बसताना त्यांनी भिंत धरली म्हणून. मी म्हणालो, नगरला मोठ्या डॉक्टरला दाखवा, मी येतो बरोबर. तर म्हणे, अकरावीची मुलं परीक्षेच्या तोंडावर आहेत, शाळेत गणिताला दुसरा मास्तर नाही. मी चिडून बोललो, "गावाला जोडीला पंप ठेवा म्हनून सांगता, आन् सोताला?" ते खो खो हसले. "हे मात्र तुम्ही बरोबर पकडलंत, नामदेवराव. परीक्षा होऊ दे, जाऊ." ते गेले तेव्हा परीक्षेला तीन आठवडे होते. पोरं आता गणित कुणाच्या भरवशावर देणार, ते हेडमास्तरांनाही माहीत नाही. मला अजून वाटतं, त्या दिवशी उचलून गाडीत घालायला हवं होतं, हातपाय झाडले असते तरी.

दिवसकार्याला... त्यांच्यात प्रार्थना असते, तिला मी गेलो. सगळे पांगल्यावर मार्थाबाईंना सांगितलं की तो पंप मी कधी चालवलाच नव्हता, सरांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो, आणि सभेत गप्प बसलो. वाटलं होतं, त्या म्हणतील, जाऊ द्या भाऊ. त्या म्हणाल्या, "हे मला आता सांगून काय उपयोग? त्या दिवशी पाराशी सांगायचं होतं. त्यानंतर दुकानात लोक त्यांना चिठ्ठीवाले मास्तर म्हणायचे, मी ऐकायचे." मग आत गेल्या, सरांनी खेळासाठी घरी नेलेला तिसरा डबा आणून माझ्या हातात ठेवला आणि दार लावून घेतलं. पाराशी सांगायचं ते म्हणून आज इथं लिहितोय. आण्णा पेपर वाचतात, गावही वाचतं. चूक याकोब सरांची नव्हती, माझी होती.

परवा शनिवार होता. कापड आता पांघरत नाही, हिरवा रंग पार उडाला आहे. खटका दाबला, मोटर गुरगुरली आणि थांबली. दुसऱ्या खटक्याला सुरू झाली, पाइपात पाणी चढल्याचा आवाजही आला. पंपघरात मी एकटाच होतो, विचारायला कुणी येणार नव्हतं. चिठ्ठी घेतली आणि हातानं सवयीनं 'ला' काढलाही... मग माझाच मला राग आला. सरांचाही आला, मेल्यावरही मागं लागतात म्हणून, आणि त्या रागातच कितीतरी वेळ रडलो. ती चिठ्ठी फाडून टाकली. दुसरीवर 'नाही लागला' असं लिहिलं, डब्यात टाकली, आणि पाना घेऊन मोटर उघडायला बसलो.